रोगाच्या आधी पोचणाऱ्यांची फी कोण भरणार?

रमजानचा पहिला अशरा संपत आला, की नगरच्या मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला या भागांतल्या संध्याकाळच्या गर्दीत आणखी एका गर्दीची भर पडते. एकीकडे खजूर, भजी, फळांच्या गाड्या. दुसरीकडे पावतीपुस्तके घेऊन फिरणारे मदरशांचे सफीर, अनाथालयांचे प्रतिनिधी, कुणाच्या डायलिसिससाठी तर कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी शब्द टाकायला आलेले नातेवाईक. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेतला अडीच टक्के हिस्सा, म्हणजे जकात, बहुतेक घरांतून याच महिन्यात बाहेर निघतो. तो कोणाला द्यायचा याची यादी वर्षानुवर्षे साधारण तीच असते. त्या यादीत आजारी माणूस असतो आणि असायलाच हवा. पण एका गल्लीतली दहा माणसे एकाच आठवड्यात आजारी का पडली, हे शोधायला शिकणारी मुलगी त्या यादीत नसते.

नसते, कारण असे काही शिक्षण आहे हेच अनेक घरांना माहीत नाही. बारावी सायन्स, मग नीट. एमबीबीएसला नंबर लागला नाही तर बीएएमएस, बीयूएमएस, बीडीएस, नर्सिंग, फार्मसी. आणि शेवटी चौकात दवाखाना किंवा मेडिकल. आरोग्य क्षेत्र म्हटले की डोळ्यांसमोर एवढाच रस्ता येतो. 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ', म्हणजे एमपीएच, हे नाव निघाले की घरचे विचारतात, "मग डॉक्टर होणार की नाही?"

डॉक्टर समोरच्या एका रोग्याला बरे करतो. सार्वजनिक आरोग्यात काम करणारा माणूस हा रोग कुठून आला, कोणाकोणाला होणार आणि तो थांबवायचा कसा, हे पाहतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा नगरकरांनीही पाणी उकळून प्यायला सुरुवात केली होती. नगरमधल्या किती घरांतली मुले पुण्यात शिकायला आहेत! रुग्णालयात डॉक्टर हातपाय लुळे पडलेल्यांवर उपचार करत होते. त्याच वेळी दुसरी माणसे घरोघर फिरून कोण काय खाल्ले, कोणत्या विहिरीचे पाणी प्यायले, याची नोंद करत होती, पाण्याचे नमुने गोळा करत होती, नकाशावर खुणा करत होती. वर्तमानपत्रात फोटो अतिदक्षता विभागाचा आला. साथ आवरली ती या दुसऱ्या माणसांच्या वह्यांमुळे.

खरे तर हे काम काय असते, ते नगर जिल्ह्याला सांगायची गरज पडू नये. जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत ज्या मोजक्या भारतीय गावांची नावे शिकवली जातात, त्यांत जामखेडचे नाव आहे. डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यातले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची आणि डॉ. मेबल यांची ओळख झाली. लग्नानंतर दोघांनी काही वर्षे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकत राहिली. तीच माणसे, तेच रोग घेऊन पुन्हा पुन्हा येत होती. जुलाबाने खंगलेले मूल बरे होऊन घरी जाई आणि महिन्याभरात परत येई. कारण घरचे पाणी तेच असे आणि ताटही तेच असे. इथे आणखी एक मोठे रुग्णालय बांधून उपयोग नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

पुढचा भाग आज विशेष आठवावा असा आहे. हे दोघे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तिथे वैद्यकीय प्रशिक्षण घेतले आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. 1970 मध्ये परतले ते थेट जामखेडला. तो भाग दुष्काळी. रस्ते, वीज, पाणी या सगळ्याचीच वानवा. तिथे त्यांनी गावातल्या बायकांना, त्यातही दलित आणि निरक्षर बायकांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बायका जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांच्याशी झुंजत. सुरुवातीला या भागात हजार जिवंत जन्मांमागे 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत. दोन-अडीच दशकांत तो आकडा विशी-पंचविशीवर आला. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1978 मध्ये अल्मा आता इथे 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा झाली, तिच्यामागे जगातले जे थोडे प्रयोग होते, त्यांत जामखेड होते.

म्हणजे एका शिष्यवृत्तीचे काय होते, याचा हिशेब नगर जिल्ह्याकडे आहे. दोन माणसांच्या शिक्षणाला पैसा मिळाला आणि तो कित्येक गावांतल्या न दगावलेल्या मुलांच्या रूपाने परत आला. वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांच्या मागे कोणीतरी पैसा उभा करणे ही महाराष्ट्राला नवी गोष्टही नाही. जमशेदजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत दोन महिला डॉक्टर होत्या. त्यांतल्या एक डॉ. कृष्णाबाई केळवकर, पुढे कोल्हापूरला काम केलेल्या. तो निधी आजही चालू आहे. त्याच काळात, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे गिरवले होते, असे चरित्रकार सांगतात. साथीच्या दिवसांत घराबाहेर पडणाऱ्या बाईची परंपरा इथून फार लांबची नाही.

मग आज जामखेड, कर्जत किंवा नगर शहरातल्या मुलीला हाच रस्ता धरायचा असेल तर काय होते? समजा, राशीनच्या एका बागवान कुटुंबातली मुलगी आहे. बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झाली आहे. वडिलांची फळांची गाडी. तिला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, एमपीएच करायचे आहे. फी, वसतिगृह, मेस, जाणे-येणे धरून दोन वर्षांचा खर्च काही लाखांत जातो. ती पैसे कुठे शोधणार?

पहिले दार केंद्र सरकारचे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी 'मेरिट कम मीन्स' नावाची शिष्यवृत्ती होती. कागदावर अजून आहे. व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी वर्षाला 20 हजारांपर्यंत फी आणि वसतिगृहात राहणाऱ्याला 10 हजार निर्वाह, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, 30 टक्के जागा मुलींसाठी. रक्कम मोठी नव्हती, पण दवाखान्याच्या आणि प्रयोगशाळेच्या वाटेवरच्या हजारो मुलांनी तिच्यावर वर्षे काढली. या योजनेची तरतूद 2022-23 मध्ये 365 कोटी होती. 2023-24 मध्ये ती 44 कोटींवर आली, पुढच्या वर्षी 33 कोटी 80 लाख आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात 7 कोटी 34 लाख. टप्प्याटप्प्याने विझत जाणाऱ्या कंदिलासारखे हे आकडे आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची तरतूदही त्याच अर्थसंकल्पात आधीच्या वर्षीच्या 1,145 कोटींवरून 414 कोटींवर आली.

दुसरे दार संशोधनाचे. एमपीएचनंतर पीएचडी करणाऱ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2009 पासून होती. डिसेंबर 2022 मध्ये ती बंद केल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. इतर योजनांशी तिची सरमिसळ होते, हे कारण दिले गेले. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी 'पढो परदेस' योजनाही त्याच सुमारास थांबली. फेब्रुवारी 2024 मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश निघाला. मुलींसाठीची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती तिथूनच मिळायची. नगरकरांना या नावाचे वेगळे वाटले तर नवल नाही. मौलाना 1942 ते 1945 या काळात इथल्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे त्यांनी याच भिंतींआड लिहिली आणि पत्नी कलकत्त्यात गेल्याची बातमी त्यांना इथेच कळली. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या शिक्षणमंत्र्याच्या नावाने आता संशोधक विद्यार्थ्याला नवी फेलोशिप मिळत नाही.

सरकारची बाजू सांगायला हवी आणि ती पोकळ नाही. 2023 मध्ये मंत्रालयाने करून घेतलेल्या तपासणीत 1,572 संस्थांपैकी 830 संस्था बनावट किंवा बंद निघाल्या. गरिबांच्या नावावर पैसे उचलले जात होते. प्रकरण सीबीआयकडे गेले. पैसे खाणारे बाहेरून आले नव्हते; त्यांतल्या अनेक संस्था समाजाच्याच नावाने चालवलेल्या होत्या. याची लाज समाजाला वाटली पाहिजे, हे रमजानच्या महिन्यात तरी स्पष्ट म्हणावे. पण गळती लागलेली नळजोडणी दुरुस्त करतात, गावाचे पाणी तोडत नाहीत. ज्या मुलीने एक रुपयाचा घोटाळा केला नाही, तिचे शिक्षण त्या 830 संस्थांच्या चालकांच्या पापाबरोबर वाहून गेले.

तिसरे दार राज्याचे, आणि तिथे थोडा उजेड आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती 50 हजारांपर्यंत मिळते. उत्पन्नमर्यादा आठ लाख. 2024 च्या जुलैमध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. एमपीएच इथेच अडकते. हा अभ्यासक्रम धड तांत्रिक शिक्षणात बसत नाही, धड वैद्यकीय शिक्षणात नाही, आणि कला-वाणिज्यासारखा उच्च शिक्षणातही नाही. महाडीबीटी पोर्टलवर योजना खात्यांनुसार लावलेल्या आहेत. आपले महाविद्यालय आणि आपला कोर्स कोणत्या खात्याच्या यादीत आहे, हे प्रवेशाआधीच संस्थेच्या शिष्यवृत्ती कक्षात विचारून घ्यावे. प्रवेशानंतर कळले तर फार उशीर झालेला असतो.

इथे एक गोष्ट अनेक मुस्लिम घरे सोडून देतात. महाराष्ट्रात बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कित्येक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. राशीनच्या त्या मुलीने फक्त 'अल्पसंख्याक' या एका दारावर थापा मारत बसायचे कारण नाही. ओबीसी कल्याण खात्याच्या योजना आणि महाज्योती ही तिचीही आहेत. पण त्यासाठी जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर आणि जातवैधता हवी. हे कागद बारावीलाच काढून ठेवायचे असतात. 1967 च्या आधीचा आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला पंचायतीपासून शाळेपर्यंत खेटे घालावे लागतात, म्हणून घरचे टाळतात. ज्यांची बिरादरी यादीत नाही अशा शेख-सय्यद घरांसाठी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आहे. तो काढणाऱ्यांची संख्याही कमीच.

ही अडचण एका समाजाची नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी 2018 मध्ये टिसच्या विद्यार्थ्यांनी संप केला होता. दलित, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांना प्रवेशावेळी मिळणारी फीसवलत संस्थेने काढून घेतली आणि आधी भरा, शिष्यवृत्ती आल्यावर परत घ्या, असे सांगितले. ज्याच्या घरी आधी भरायला पैसे आहेत त्याला शिष्यवृत्ती लागतेच कशाला, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बार्टी, सारथी, महाज्योतीचे संशोधक विद्यार्थी अधिछात्रवृत्तीसाठी पुण्यात किती वेळा रस्त्यावर बसले! डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तर एका ज्येष्ठ मंत्र्यांनी, पीएचडी करून हे काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. साथ आली की दिवे लावायला कोणाला बोलावतात, हे सवाल करणाऱ्यांना पुण्यातल्या जीबीएसने तेरा महिन्यांत दाखवले. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बार्टीच्या धर्तीवर अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेलाही मान्यता दिली. ती नुसत्या स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीपुरती राहते की सार्वजनिक आरोग्यासारख्या विषयाला फेलोशिप देते, यावर तिचा उपयोग ठरेल.

परदेशाचे दार पूर्ण बंद नाही. फुलब्राइट-नेहरू मास्टर्समध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय असतो, पण आधी तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनची कॉमनवेल्थ शेअर्ड शिष्यवृत्ती खास अशांसाठी आहे ज्यांना स्वतःच्या पैशाने शिकणे अशक्य आहे. युरोपात इरास्मुस मुंडुसमध्ये सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत. या सगळ्यांना लागतात ती दोन-तीन चांगली शिफारसपत्रे, इंग्रजीत नीट लिहिलेला हेतू आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. तो अनुभव मिळवायला आपल्या मुलांना लंडनला जावे लागत नाही, जामखेड पुरेसे आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जगभर आरोग्य प्रकल्पांतल्या नोकऱ्या गेल्या, हे खरे. त्यामुळे परदेशी पैशाच्या भरवशावर या क्षेत्राकडे पाहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

राहिले कर्ज. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातल्या निवडक 860 संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट. अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचे शैक्षणिक कर्ज कमी उत्पन्नाच्या घरांना तीन टक्के दराने आहे आणि राज्यात ते मौलाना आझाद महामंडळामार्फत मिळते. पाच लाखांवर तीन टक्के म्हणजे पहिल्या वर्षी 15 हजार व्याज. बँकेच्या अकरा टक्क्यांनी ते 55 हजार होते. फरक साधा नाही.

पण इथे मुस्लिम घरात एक वेगळी चर्चा होते, जी शेजारच्या हिंदू घराला कळत नाही आणि कळावी म्हणून सांगायला हवी. व्याज देणे-घेणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे. अनेक वडील मुलीला सांगतात, शिकू नकोस असे नाही, पण सुदाचा पैसा घरात नको. काही उलेमा निकडीच्या वेळी, दुसरा मार्ग नसताना, सवलत सांगतात. काही सांगत नाहीत. हा वाद या पानावर मिटणारा नाही. त्याचा परिणाम मात्र मोजता येतो. सरकार शिष्यवृत्तीकडून कर्जाकडे सरकले, की ज्यांची श्रद्धा कर्जाच्या आड येते ती मुले सर्वांत आधी बाहेर पडतात. शिष्यवृत्तीला कर्ज हा पर्याय म्हणून पुढे करणाऱ्या धोरणकर्त्यांच्या हे बहुधा ध्यानीमनीही नसते.

इतका खटाटोप करून शेवटी नोकरी कोणती, हाही प्रश्न रास्त आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र संवर्ग सुचवले, 2022 मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तमिळनाडूकडे 1939 पासून कायदा आहे आणि संवर्गही जुना आहे. तिथे साथनियंत्रण हे वेगळे, पदोन्नतीचे काम मानतात. आपल्याकडे बहुतेक पदे राष्ट्रीय आरोग्य अभियानात करारावर आहेत. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. बीएएमएस, बीयूएमएस, बीएस्सी नर्सिंगवाल्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर 25 हजार आणि कामगिरीनुसार 15 हजारांपर्यंत वर. एमपीएच केलेल्याला याहून वरची जागा मिळू शकते, पण कराराची टांगती तलवार तिथेही असते. मुलांना या वाटेने पाठवताना ही बाजू लपवू नये. मे 2025 मध्ये चोंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले. त्यात जनवैद्यक विभाग असणारच. जामखेड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या महाविद्यालयाने एमपीएचच्या काही जागा सरकारी फीत सुरू कराव्यात, ही मागणी आत्तापासून, इमारत उभी राहायच्या आधी, सर्वपक्षीयांनी लावून धरायला हरकत नाही.

ही माणसे इथल्याच वस्तीतून का यायला हवीत, याचे उत्तर एप्रिल 2020 मध्ये आहे. जामखेड, संगमनेर आणि शहरातले मुकुंदनगर हॉटस्पॉट ठरले. पत्रे ठोकले गेले. तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते आणि त्या नावाने सगळ्या समाजाकडे बोट दाखवले जात होते. तो रमजान कुलूपबंद गेला. घरोघर तपासणीला येणाऱ्या आशाताईंकडे लोक दाराच्या फटीतून बघत. ताप आहे असे सांगितले तर काय होईल, या भीतीने ताप लपवला जाई. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता नोंदवली. निकाल आला, पण दार उघडायला निकाल पुरत नाही. दार उघडते ओळखीच्या माणसाला. मालेगाव, भिवंडी आणि गोवंडीत 2022 मध्ये गोवरची साथ आली तेव्हाही लसीला आडकाठी करणाऱ्या घरांत मौलवी आणि वस्तीतल्या बायका गेल्या, मग लस गेली. साथीचा प्रदेश असेल तर तिथे जाऊ नका, तुम्ही तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही पैगंबरांची शिकवण सांगायला मौलवी हवा आणि किती दिवस, का, हे आकड्यांत सांगायला त्याच वस्तीत वाढलेली, शिकलेली मुलगी हवी. ती मुलगी उद्या केडगावच्या किंवा नेप्तीच्या हिंदू घरातही जाणार आहे. साथ पत्ता बघून येत नाही.

म्हणून पुन्हा जकातीकडे. जकात कोणाला द्यावी हे कुराणात सांगितलेले आहे. गरीब, निराधार, कर्जात बुडालेले, वाटसरू धरून आठ वर्ग आहेत. गरजू विद्यार्थी गरिबांच्या वर्गात बसतो, यावर फारसा वाद नाही. अट अशी, की पैसे त्याच्या मालकीचे व्हायला हवेत. इमारत बांधायला, पंखे बसवायला बहुतेक उलेमा जकात चालू देत नाहीत. म्हणजे उलट शिष्यवृत्तीच जकातीला सोयीची. पैसे मुलीच्या खात्यात गेले, तिने फी भरली, हिशेब संपला. ज्या घराकडे निसाबाइतकी मालमत्ता आहे त्या घरच्या मुलाला मात्र ती चालत नाही. आई-वडील, मुले, नातवंडे यांनाही नाही. बहुसंख्य मतानुसार जकात मुस्लिम गरजूंसाठी असते. सदका आणि इमदाद मात्र कोणालाही देता येते. जामखेडच्या मातंगवाडीतल्या मुलीची फी सदक्यातून भरली तर धर्मही आड येत नाही आणि शेजारही.

आकडा फार मोठा लागत नाही. एका मोहल्ल्यातल्या 200 घरांनी आपल्या जकातीतले दोन-दोन हजार वेगळे काढले तर चार लाख होतात. एका मुलीचे एमपीएच त्यात बरेचसे निघते. लागते ती एक समिती, ज्यात एक आलिम असावा, एक सीए असावा, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले कोणी असावे आणि हिशेब मशिदीच्या फलकावर लागावा. 830 संस्थांची आठवण ठेवून हिशेब फलकावर लागावा, हे जास्त महत्त्वाचे. मदरशांची पावती फाडू नका असे कोणी म्हणत नाही. पावतीपुस्तकात आणखी एक पान असावे, एवढेच.

वेळापत्रकही जवळ आहे. टिससारख्या संस्थांतले प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतात आणि 2024 व 2025 मध्ये ही परीक्षा मार्चमध्ये, ऐन रमजानात आली. सहरी करून पहाटेची बस पकडायची, रोज्यात केंद्रावर तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, दुपारच्या पेपरला घशाला कोरड घेऊन प्रश्न वाचायचे. गुण लागतात, मुलाखत होते आणि प्रवेशाची यादी आली की फी भरायला थोडेच दिवस मिळतात. सरकारी शिष्यवृत्ती खात्यावर येते ती बऱ्याचदा पुढच्या वर्षी. मधल्या त्या महिन्यांची फी आगाऊ भरणारा कोणी सापडला, की ती मुलगी मुंबईच्या गाडीत बसते. नाही सापडला, तर त्या जागेवर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला फोन जातो.